उघड्या पात्याचा कजिया

श्री. चाकें फिरोत, पात्यांस धार राहो, रयतेचीं बोटें जागच्या जागीं असोत. शके सतराशें आठ, पराभवनाम संवत्सर. पराभव कोणाचा तें पुढें यथाक्रम कळेल. ते सालीं राज्यांत केरोजी नाईक यंत्रकार म्हणून थोर कारागीर होते. त्यांनीं कडबा कापावयाचें चाक सिद्ध केलें, एके अंगें पेंढी सारावी, चाक फिरवावें, दुसरे अंगें बारीक कुटी पडावी, आणि गांवोगांव वाहवा जाहली. कसब्यांतील ठमाई गवळणीनें तें घेतलें, आणि तिसरे दिवशीं चाकानें पेंढीसंगें तिचा उजवा अंगठा आंत ओढून घेतला. जखम भरली. ठमाई उगी राहिली असती, परंतु गाईंस उपास ठाऊक नाहीं, आणि मग त्याच चाकाशीं तिची सून रंभा बसूं लागली. रंभा पेंढी सारी आणि इकडे ठमाईचा जीव टांगणीला लागे. गेलेला अंगठा येत नाहीं, सुनेचे हात तरी राहोत, म्हणून ती न्यायसभेंत गेली कीं, हीं चाकें बंद करावीं.

कारकुनानें अर्ज लिहिला आणि म्हणाला, "बाई, उजवा अंगठा उमटवा."

ठमाईनें हात पुढें केला. कारकुनानें पाहिला. ती म्हणाली, "डावा चालंल का?"

"डावा पुरुषांचा. बायकांचा उजवाच. शिरस्ता आहे."

"अहो, तो गेला म्हणूनच आले ना मी!"

"तें खरें. परंतु तो गेला हें कळवावयास तोच लागतो."

येणेंप्रमाणें सहा महिने गेले. मग न्यायाधीश आबाजीपंतांस जुनी चाल स्मरली कीं, अक्षर न येणारानें सहीच्या जागीं आपल्या हत्याराची निशाणी काढावी, कुणब्यानें नांगर, न्हाव्यानें आरसा. पंत बोलिले, "गवळणीनें दुधाची कासंडी काढावी." ठमाई म्हणाली, "कासंडी धरायला अंगठा लागतो, महाराज. आतां माझ्या नांवाला हें चाकच उरलंय." आणि डाव्या हातानें, चार वेळां बोरू पाडून, तिनें चाक काढिलें आणि त्यास दोन पातीं काढिलीं. मग केरोजी नाईकांस पाचारण जाहलें. ते शालजोडी पांघरून आले आणि बोलिले, "विळ्यानं बोट कापलं तर लोहाराचा कान धरतां काय? बाईनंच हात सांभाळायचा होता."

ठमाई म्हणाली, "विळा माझ्या हातानं चालतो, नाईक. तुमचं चाक माझा हात चालवतं."

सभा हंसली, पंत हंसले नाहींत. त्यांनीं अर्ज नाईकांपुढें ठेविला. नाईकांनीं निशाणी पाहिली, आणि कारागिराचा अभिमान दुखावला. म्हणाले, "हें माझें यंत्रच नव्हे! पात्यांवरलें झांकण कुठें आहे?"

"जें नव्हतं तें कसं काढूं?"

"अहो, झांकण नसेल तर पातें हात ओढणारच, हें शेंबड्या पोरासही कळेल! म्हणून तर सरकारच्या पागेला दिलीं त्या सगळ्यांना झांकणें बसवून दिलीं!"

पंतांनीं हळूच पुसिलें, "आणि रयतेच्या चाकांना?"

"रयतेनें मागितलीं नाहींत."

"मागावं असं कांहीं असतं," ठमाई म्हणाली, "हें तरी कुठं सांगितलंत?"

नाईकांनीं शालजोडी सांवरली. मग पंतांनीं निवाडा केला कीं, धोका ठाऊक असतां लपविला, सबब दोष यंत्र करणाराचा. ठमाईचा योगक्षेम नाईकांनीं चालवावा, आणि राज्यांतील एकूणएक चाक परत आणवून पदरमोड करून झांकण बसवावें. रंभेच्या चाकास पहिलें झांकण बसलें. मग दवंडी पिटली, गाड्या भरभरून चाकें येऊं लागलीं, आणि दर गाडीमागें कोणी ना कोणी चालत आलें, कोणी पदराखालीं हात दडवून, कोणी घोंगडीखालीं. ठमाईनें एकीस विचारलें, "तूं कां नाहीं बोललीस, बाय?"

ती म्हणाली, "मला वाटलं, मीच वेंधळी."

मागला म्हातारा म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

अशीं एकोणीस माणसें आलीं. एकोणिसांसही तेंच वाटलें होतें.

एवंच, पातीं झांकलीं गेलीं, मग हात उघडे जाहले. हकीकत इतकीच.