दीड शिंगाचा नंदी

त्या सोमवारी सकाळीही शिवगंगेच्या स्कूटीचा डावा आरसा मोडलेलाच होता. नुसती दांडी उरली होती आणि मडिवाळप्पांनी त्याबद्दल आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं.

"मागून कोण येऊन राहिलंय, दिसतं का तुला?"

"उजव्या आरशात दिसतं, अप्पा."

"अन् डावीकून येणारे काय सांगून येतेत?"

शिवगंगा हसली असती, पण कॉलेजच्या ग्रंथालयाचं कुलूप साडेनऊला उघडायचं असे आणि किल्ली तिच्याकडे असे. तिने लातूरच्या सगळ्या मुलींसारखा डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला, वर हेल्मेट चढवलं आणि निघाली. मडिवाळप्पांनी कापडी पिशवीत पाण्याची एक बाटली, दोन चिंध्या आणि झिजलेला टूथब्रश टाकला आणि तेही निघाले. ते कुठे जातात हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती कधी विचारत नसे.

मडिवाळप्पांनी चौतीस वर्षं एका डाळ मिलमध्ये पोत्यांवर छाप मारला होता. कापलेला पत्रा पोत्यावर धरायचा, वरून शाईचा ब्रश फिरवायचा. पत्र्यात अक्षर नसतंच, ते म्हणायचे, अक्षराएवढी जागा तेवढी मोकळी असते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर रेल्वेपुलाखालच्या भिंतीवर गेली. ट्रकांचा धूर आणि डाळ मिलांचा भुसा बसून बसून ती तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. त्यांनी ओल्या चिंधीने तिच्यावर बोट फिरवलं. रंग नाही, खडू नाही. पुसलं ते उजळलं, सोडलं ते काळं राहिलं आणि तासाभराने तिथे मान उंचावलेला एक बगळा उभा होता.

बगळ्यानंतर घोडा झाला, मग बाभळीचं झाड झालं, एकेका काट्यासकट. काट्यांसाठी टूथब्रश. पाणी मात्र एका चित्राला एकच बाटली. रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या गावात दुसरी बाटली भिंतीवर ओतायचं त्यांच्या मनातही येत नसे. दोन महिन्यांत धूळ पुन्हा बसायची आणि घोडा हळूहळू भिंतीत परत जायचा. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. भिंत पुन्हा तयार झाली, म्हणायचे.

शिवगंगेने ग्रंथालयातली कलेवरची जाडजूड पुस्तकं वाचली होती. गुहेतल्या भिंतीवर कुण्या अनामिकाने काढलेल्या बैलाच्या छायाचित्रापुढे ती एकदा जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बसून राहिली होती. पण धोतराचा काचा मारून, भर रस्त्यावर, हातात चिंधी घेतलेला आपला बाप पाहिला की तिचा हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळायचा.

त्या सोमवारी मागे राजकन्या बसली होती. कॉलेजच्या ऑफिसात असते, रोज तिच्यासोबत येते. पुलाखाली सिग्नल लागला आणि स्कूटी नेमकी भिंतीसमोर थांबली.

"तो म्हातारा बघ की, भिंत पुसून राहिलाय," राजकन्या म्हणाली. "रोज दिसतो. कोण हाय गं?"

"असंल कोणी," शिवगंगा म्हणाली.

मडिवाळप्पांनी तिला पाहून चिंधीचा हात वर केला होता. तो त्यांनी तसाच कपाळावर नेला आणि घाम पुसल्यासारखं केलं. सिग्नल सुटला.

रात्री जेवताना त्यांनी आरशाचं तेवढं पुन्हा विचारलं. मंगळवारी सकाळी तिने चहाला हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

सहाव्या दिवशी शेजारच्या नीलम्मा भाकरी घेऊन आल्या आणि भाकरी ठेवायच्या आधी बातमी ठेवली. पुलाखालच्या भिंतीतून नंदी निघाला होता. कोणी काढलेला नव्हता, रंगाचा एक थेंब नव्हता, आतून उजेड आल्यासारखा आपोआप उमटला होता. अन् त्याला शिंगं दीडच होती.

"चल गं गंगू, तुझ्या अप्पासाठी हात जोडून येऊ," नीलम्मा म्हणाल्या.

शिवगंगा गेली. काळ्या भिंतीतून एक रुंद चेहरा लोकांकडे रोखून बघत होता. कपाळाच्या मधोमध गोल टिळा, एका बाजूला लांब शिंग आणि त्याच्या टोकाला बैलाच्या शिंगात घालतात तशा पितळी शेंबीसारखा गोळा, दुसऱ्या बाजूला नुसता खुंट. मागे गोल वशिंड. खालचं अंग भिंतीतच होतं, जणू अजून बाहेर यायचं होतं. इतकी वर्षं तिने या चित्रांकडे वेगातूनच पाहिलं होतं. अप्पांनी शेवटी नंदी काढला, तिला वाटलं, आणि तोही अर्धाच राहिला. इथे सांगावं तर लोक विचारणार, मग मुलगी असून आजवर कुठे होतीस. ती काही बोलली नाही.

न बोलल्याचा परिणाम असा झाला की बुधवारी नारळ फुटायला लागले, गुरुवारी दोरी बांधून बायकांची रांग वेगळी झाली आणि शुक्रवारी समिती स्थापन झाली. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक शिवशंकर अध्यक्ष झाले, कारण दोरी त्यांची होती. मोडक्या शिंगावरून समितीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं होतं की शिंग अजून उगवतंय. दुसऱ्या तटाकडे किल्लारीहून आलेले एक आजोबा होते. आमच्या जुन्या गावात नंदीचं शिंग भूकंपात तुटलं होतं, ते शांतपणे म्हणाले, तोच इतकी वर्षं चालत इथवर आला. वशिंडावर दोन बारीक काळे ठिपके का आहेत, हे मात्र कोणत्याच तटाला सांगता आलं नाही.

शनिवारी ठरलं की सोमवारी अभिषेक करायचा, एकशे एक घागरींचा. आठ दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावात एकशे एक घागरी आणायच्या कुठून, हा प्रश्न शिवशंकरांनीच सोडवला. त्यांनी टँकर सांगितला. घागरींचा हिशोब नको, थेट पाइपच लावू, देवाला काय फरक पडतो.

ही बातमी ऐकून शिवगंगा घरात उभीच राहिली. तो नंदी धुळीचा होता. भोवतीची धूळ होती म्हणून तो होता. टँकरचा पाइप एक मिनिट फिरला की भिंत लख्ख होणार होती आणि अप्पांच्या हाताचं शेवटचं जे काही या जगात होतं, ते गटारात जाणार होतं, तेही हर हर महादेवच्या गजरात.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. भिंतीसमोर रस्त्यापलीकडे व्यंकटचा चहाचा गाडा होता. गेल्या आठवड्यात त्याने दुसरा स्टोव्ह घेतला होता.

"या अक्का, बसा," तो म्हणाला. "न्हाई, त्या बाकड्यावर. अप्पा तिथंच बसायचे."

"तुम्हाला माहीत आहे हे कोणी काढलं?"

"मला न्हाई तर कोणाला? पुसायचे, इथं येऊन बसायचे, बघायचे, पुन्हा जायचे. दोनदा चहा."

"मग सांगितलं का नाही लोकांना?"

"कोणी इचारलंच न्हाई," व्यंकट म्हणाला आणि स्टोव्हला हवा मारू लागला. मग खाली बघूनच म्हणाला, "तुम्ही इथंच सिग्नलला थांबायच्या न्हाई का. अप्पा म्हणायचे, लेक घाईत असती, हिला जरा निवांत बघतो."

शिवगंगेने मान वर केली. बाकड्यावरून भिंत समोरासमोर दिसत होती. रुंद चेहरा, गोल टिळा, एक शिंग, एक खुंट. मागे गोल वशिंड, त्यावर दोन ठिपके. ती बघत राहिली. मग तिने गाड्याजवळ लावलेल्या आपल्या स्कूटीकडे पाहिलं आणि चहाचा ग्लास तसाच बाकड्यावर ठेवला.

टँकर आला तेव्हा पुलाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी घरून घागरी आणल्या होत्या. अभिषेकाला म्हणून आणल्या होत्या, पण आणताना त्या रिकाम्या होत्या. शिवशंकरांनी पाइप हातात घेतला. तेवढ्यात हॉर्न वाजवत एक स्कूटी बायकांच्या रांगेतून आत आली आणि दोरीखालून वाकून भिंतीपर्यंत गेली.

"अहो बाई, गाडी घेऊन कुठं?" शिवशंकर म्हणाले.

"पाणी सोडू नका. हा नंदी नाही."

गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, बाप गेलाय तिचा, डोकं फिरलं असंल. शिवगंगेने स्कूटी वळवली, चित्राच्या बरोबर खाली, तोंड लोकांकडे करून लावली. डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळला. हेल्मेट घातलं. सीटवर बसून दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि हलली नाही.

पहिल्यांदा नीलम्मांना दिसलं. त्यांनी वरच्या टिळ्याकडे पाहिलं, खालच्या स्कूटीच्या दिव्याकडे पाहिलं. वरचा आरसा, खालचा आरसा. वरची मोडकी दांडी, खालची मोडकी दांडी. मग वशिंडावरचे ते दोन ठिपके आणि हेल्मेटमधले दोन डोळे.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर आपली गंगू."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलं. हसू पुढे गेलं नाही. पुलावरून मालगाडी गेली, भिंत थरथरली, थोडा भुसा झडला आणि एवढी माणसं मान वर करून, देव नसलेल्या त्या चित्राकडे, देव होता तेव्हापेक्षाही जास्त शांतपणे बघत राहिली. चिंधीने आणि बाटलीभर पाण्याने कोणी एवढं केलं होतं. स्कार्फची चुणीसुद्धा सोडली नव्हती. टँकरच्या ड्रायव्हरने न सांगता कॉक बंद केला. शिवशंकरांनी पाइप खाली ठेवला आणि आपण मघापासून चपला काढून उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. किल्लारीचे आजोबा पुढे आले, त्यांनी चित्राला हात जोडले, मग जरा विचार करून स्कूटीलाही जोडले. "आलाय तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

बायकांच्या रांगेतून राजकन्या वाट काढत आली. तिच्या हातात हाराची पुडी होती आणि तो हार कोणाला घालायचा, हे तिला कळत नव्हतं.

"पण काढलं कोणी हे?"

शिवगंगेने हेल्मेट काढलं. स्कार्फ सोडला, पूर्ण सोडला, गळ्यातूनही काढला. ग्रंथालयात काम करून तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्या दिवशी तो टँकरमागच्या शेवटच्या घागरीपर्यंत ऐकू गेला.

"पंधरा दिवसांपूर्वी तू विचारलं होतंस ना, इथं भिंत पुसतो तो म्हातारा कोण," ती म्हणाली. "ते माझे अप्पा."