अब्बांच्या साखरेची सरासरी

कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी इरमला साठ दिवसांचे आकडे हवे होते. जमालुद्दीनभाईंनी ऐटीत आपली वही लेकीपुढे ठेवली. रोज सकाळची उपाशीपोटी साखर, तारखेसकट. तीस दिवस चालायला लागण्याआधीचे आणि तीस दिवस बुसैतीनच्या किनाऱ्यावर रोज चालायला लागल्यानंतरचे. आखाती देशात, मुहर्रकच्या कार्गो ऑफिसात पंचवीस वर्षं क्लार्क असलेला माणूस. वहीत एकही खाडाखोड नव्हती.

इरमने सरासरी काढली. आधीची एकशे बावन्न, नंतरची एकशे अठरा.

"म्हणजे बरा झालो मी?"

"थांबा, अब्बा. आधी धरून चालायचं की चालण्याने काहीच फरक पडत नाही. मग बघायचं, एवढा फरक नुसत्या योगायोगाने येईल का." तिने लॅपटॉपवर बटणं दाबली. "नाही येणार! हायपोथिसिस रिजेक्टेड!"

जमालुद्दीनभाईंना एवढंच कळलं, की आपल्या पायांवर गणिताने शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर बातमी झाली. शेजारच्या टेबलावरच्या वलीने तर संध्याकाळी चालायचे नवे बूटच आणले. घरी बायकोने, मसूदाने, दोन वर्षांनी तांदळाचं सांदण वाफवलं, वर नारळाचा गोड रस. भाईंनी दोन वाट्या रिचवल्या.

तिसरी भरत असतानाच इरम वही घेऊन आली.

"अब्बा, सरासरी ठीक आहे, पण स्टँडर्ड डेव्हिएशन बघा. आधीचे आकडे एकशे दहापासून दोनशेपर्यंत उड्या मारतात. नंतरचे सगळे एकशे सोळा ते एकशे वीस. तीस दिवस! कुणाची साखर अशी वागत नाही."

"माझी शिस्तीची आहे."

मसूदा साखर मोजायचं मशीन घेऊन आली. पट्ट्यांची डबी रिकामी होती.

"कधी संपल्या या?"

"चालायला लागलो त्याच दिवशी," भाई पुटपुटले. "पण चालून आल्यावर इतकं बरं वाटायचं, की आकडा आतूनच यायचा."

"खलास!" मसूदाने वाटी उचलली. सकाळी नव्या पट्टीवर मशीन म्हणालं, एकशे एकसष्ट.

इरमचे डोळे भरून आले. प्रोजेक्ट चार दिवसांवर आला होता आणि हातातले अर्धे आकडे खोटे. पण पोरीने रात्रीतून हिय्या केला आणि विषयच बदलला : 'बनावट आकडे ओळखायचे कसे'.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी पालकांना बोलावणं होतं. भाई मागच्या रांगेत अंग चोरून बसले. इरमने आलेख दाखवला, टेस्ट समजावली. वर्ग टाळ्या वाजवत होता.

"अप्रतिम!" प्राध्यापकबाई म्हणाल्या. "पण इतके सुरेख खोटे आकडे मिळाले कुठे?"

इरमने मागच्या रांगेकडे पाहिलं. "एका... नातेवाइकाकडून."

भाईंना राहवेना. ते कोटाचं बटण लावत ताडकन उभे राहिले आणि हिंदी-इंग्रजीची मोट बांधत म्हणाले, "मॅडम, आकडे माझे आहेत. तीसच्या तीस! पंचवीस वर्षांत ऑफिसात कुणाला माझी चूक सापडली नाही. हिने दोन दिवसांत पकडली. मुलगी आहे माझी!"