प्रतिकाराचा रकाना

जंतूंना सरहद्द नसते. म्हणूनच त्यांच्या बंदोबस्ताला आंतरराष्ट्रीय फॉर्म लागतो. आमच्या रुग्णालयात तो कारकुनाकडे आला, कारण डॉक्टरांना वेळ नव्हता आणि कारकुनाला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

फॉर्मात एकवीस रकाने. विसावा असा: ‘अँटिबायोटिकला प्रतिकार: सौम्य, मध्यम की तीव्र?’ प्रतिकार कोणाचा, ते लिहिलं नव्हतं. (फॉर्म काढणाऱ्याला माहीत होतं, तेवढं त्याला पुरे वाटलं.) पण आमचा कारकून म्हणजे कामाला वाघ! सहा महिने गोळ्यांच्या वेळी वॉर्डात खुर्ची टाकून बसला. रुग्णाने तोंड वाकडं केलं, सौम्य. ‘मग घेतो’, मध्यम. नर्सच्या अंगावर थुंकला, तीव्र. निष्कर्ष: तीव्र प्रतिकार पाच वर्षांखालच्या मुलांत ९४ टक्के; निवृत्त शिक्षकांत ९१; नवऱ्यांत, बायको समोर असताना ८८, नसताना ३.

फॉर्म काढणाऱ्यांचं मुख्यालय हरखलं. एकही रकाना कोरा नसलेला अहवाल त्यांनी प्रथमच पाहिला होता. तीव्र प्रतिकारावर काय उपाय केलात, अशी विचारणा आली. कारकुनाने कळवलं, ‘साखरेत घोळून दिलं.’ सध्या सतरा देश साखरेचा अभ्यास करत आहेत.

अशात कारकुनाच्या आत्याच्या पायाची जखम चिघळली. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ताप काही हटेना. तपासणीचा कागद आला: ‘प्रतिकार तीव्र.’

कारकून भडकला. “काहीतरीच काय, डॉक्टर! आत्या मुकाट गिळते. मी स्वतः बघतो!”

“अहो, आत्या नाही, जंतू प्रतिकार करतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी कधी गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या?”

“छे! आम्ही काही वाया घालवत नाही. बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. मग शिंक आली की दोन, पाय दुखला की एक. मीच देतो ना...” आणि त्याने तपासणीचा कागद पुन्हा वाचला.

“एकच औषध उरलंय,” बाई म्हणाल्या. “चौदा दिवस. नाहीतर पाय जाईल.”

पाचव्या दिवशी ताप उतरला. आत्या म्हणाली, “बरं वाटतंय रे. राहिलेल्या ठेव डब्यात.”

“नाही,” कारकून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच. पंधराव्या दिवशी आत्या स्वतःच्या पायांनी घरी गेली.

हसा, खुशाल हसा त्याला. पण एकविसावा रकाना सांगायचा राहिलाच की: ‘घरातल्या डब्यात शिल्लक गोळ्या.’ आमचा भरून झाला. तुमचा डबा कुठे असतो, फ्रिजवर ना? उठा, मोजा. आणि ती अर्धी लाल, अर्धी पिवळी कशावरची होती हो?