बघायचं कुठून

उत्तमदादा सोनकांबळे यांच्याबरोबर सिनेमाला जाऊ नये. मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा खून कोणी केला हे मला पहिल्या वीस मिनिटांत कळलं. दादा गोष्टीकडे लक्षच देत नाहीत, ते उजेड बघतात. "सर, ह्याच्या अर्ध्याच तोंडावर उजेड हाय. ह्योच दगा देणार," हे ते मला सांगतात, पण ऐकतात आजूबाजूच्या चार रांगा. नायिकेची आई दारात उभी असली आणि पडद्यावर तिच्या डोक्याच्या वर बरीच जागा मोकळी सोडलेली दिसली, की "ही जाती आता" म्हणतात, आणि ती बिचारी मध्यंतराआधी जाते. नांदेडच्या थेटरात एकदा पुढच्या खुर्चीतला माणूस चिडून मागे वळला आणि गप्प बसा म्हणाला. मध्यंतरात तोच आमच्याजवळ आला आणि धाकट्या भावाचं पुढे काय होतं, असं हळूच विचारून गेला.

दादा नायगावचे. बसस्टँडच्या मागे त्यांचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. मी चार वर्षांपासून तिथल्याच शाळेत मराठी शिकवतो आणि घरी जाताना त्यांच्याकडे चहाला टेकतो. चहाबरोबर व्याख्यान असतंच. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "बघायचं कुठून, ते आधी ठरवा." मुलाला मार्क कमी पडले, शेजाऱ्याशी भांडण झालं, गुडघा दुखतोय, कशावरही त्यांचं हेच औषध. सुरुवातीला मला ते फार खोल वाटायचं. नंतर लक्षात आलं, की दादा अगदी शब्दशः बोलतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, एवढाच त्यांचा मुद्दा असतो.

माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला कंधारला गेलो, तेव्हा त्यांना सोबत नेण्याची चूक मी केली. मुलगी पोह्यांचा ट्रे ठेवून समोर बसली. दादा दोन मिनिटांत अस्वस्थ झाले आणि उठून उभे राहिले. मुलीच्या पाठीला खिडकी आहे, तिच्या तोंडावर अंधार पडलाय, असं कुणाला बघतात का, असं त्यांनी यजमानांनाच सुनावलं. मग मुलीला पुतण्याच्या जागी बसवलं आणि पुतण्याला तिच्या जागी, खिडकीकडे पाठ करून. मुलगी सुंदर दिसायला लागली, पुतण्या रेशनकार्डावरच्या फोटोसारखा. चार दिवसांनी मुलीकडून नकार आला. दादांना त्याचं काही वाटलं नाही. उजेड बरोबर होता, म्हणाले.

लग्नातही त्यांची तऱ्हा वेगळी. पाठवणीच्या वेळी बाकीचे शूटिंगवाले नवरीच्या डोळ्यात कॅमेरा घालायचा तेवढा बाकी ठेवतात. दादा त्याच वेळी मागे मागे सरकत पार मांडवाच्या दारापर्यंत जातात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जवळून घेतलं तर नुसतं रडणं दिसतंय. लांबून घेतलं तर कुणाला सोडून चालली, ते दिसतंय." झूमला ते लोकांच्या घरात न विचारता घुसणं म्हणतात.

आणि त्यांची माणसं मोठी-छोटी करण्याची खोड तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. जमिनीवर बसून वर कॅमेरा धरला की माणूस मोठा दिसतो, स्टुलावर चढून खाली धरला की लहान, हे शास्त्र त्यांना पाठ. फक्त ते कुणाला लावायचं, याबद्दल त्यांचं जगाशी पटत नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं काम त्यांना मिळालं. दादांनी सगळा सत्कार स्टुलावरून घेतला आणि बुंदी पाडणारा आचारी स्वतः जमिनीवर फतकल मारून, खालून. साहेब हारांमध्ये हरवलेल्या पोरासारखे दिसत होते आणि आचारी झारा घेऊन राज्य चालवत होता. साहेबांची माणसं पेनड्राइव्ह परत द्यायला आली. दादा शांतपणे म्हणाले, "साहेब रोज सगळ्यांला वरून बघून राहिले. एक दिवस ते वरून दिसले, तर काय बिघडलं?" त्यानंतर त्यांना कुठल्याच पुढाऱ्याचं काम आलं नाही. मला वाटायचं, हे सगळं त्यांनी कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असणार.

मागच्या उन्हाळ्यात कपाट आवरताना मला माझ्या लग्नाची कॅसेट सापडली. पंचवीस वर्षांपूर्वीची, दादांनीच काढलेली. लग्नानंतर चारच दिवसांत मला रेणापूरला नोकरीवर हजर व्हायचं होतं, म्हणून तयार होण्याची वाट न बघता मी ती तशीच कच्ची, एडिटिंगशिवाय घेऊन गेलो होतो. आमच्याकडे बघायचं यंत्र नव्हतं, नंतर ती विसरलीच. आता तिचं मोल वाटलं ते वडिलांमुळे. वडील शाळेत शिपाई होते. कॅमेरा दिसला की मान खाली घालून बाजूला व्हायचे. माझ्या लग्नानंतर दीड वर्षात ते गेले, आणि मागे राहिला तो एकच ओळखपत्राचा फोटो. त्यात ते पोलिसांनी पकडल्यासारखे दिसतात. माझ्या मुलींना आजोबा म्हणजे तेवढाच फोटो. चालते-बोलते वडील कुठे असलेच, तर त्या कॅसेटमध्ये होते.

कॅसेटला बुरशी आली होती. दादांनी ती उघडली, तीन दिवस कापसाने पट्टी पुसली आणि मला बजावलं, की ही एकदाच चालेल. चालता चालता कॉम्प्युटरवर उतरली तर उतरली, तुटली तर गेली. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. 

मांडव दिसला. पांढऱ्या साडीतली माझी बायको दिसली, बुद्धवंदना झाली, आहेर सुरू झाले. वडील कुठेच नाहीत. अर्धा तास गेला. स्टेजवर माझे एक वजनदार चुलते माइक धरून भाषण करत होते, आणि अचानक त्यांच्यावरचा उजेडच गेला. स्टेज काळं पडलं. हॅलोजनचा झोत मांडवाच्या कडेला, पाण्याच्या ड्रमकडे वळला होता. कॅमेऱ्यामागून तरुण उत्तमदादांचा वैतागलेला आवाज आला, "अगं, स्टेजवर धर की. तिकडं कोण हाय?"

एका बाईचा आवाज आला, "नवरदेवाचा बाप हाय."

कॅमेरा नाइलाजाने वळला. माझे वडील उपरण्याने पेले पुसत उभे होते. उजेड अंगावर आला तशी त्यांनी सवयीने मान खाली घातली. त्या बाई म्हणाल्या, "मामा, वर बघा की. पोराचं लग्न हाय." आणि वडिलांनी वर बघितलं. पेला हातात धरून, सगळे दात दाखवत हसले. मग उजेड परत स्टेजवर गेला.

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, पण लाज वाटली नाही. कॅसेट शेवटपर्यंत चालली, सगळं उतरलं. बऱ्याच वेळाने मी दादांकडे बघितलं, तर ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. लाइट धरायला कोण होतं, मी विचारलं.

"आमची प्रयाग."

दादांची बायको सहा वर्षांपूर्वी वारली, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी तिचा विषय कधी काढला नव्हता. त्या दिवशी काढला. अठरा वर्षं ती मांडवामांडवांतून लाइट धरून त्यांच्या बाजूला उभी होती. दादा सगळ्यांसारखं स्टेज घ्यायचे, आणि ही मध्येच उजेड वळवायची. भांडी घासणाऱ्या बाईवर, आचाऱ्यावर, कोपऱ्यात बसलेल्या नवरीच्या आत्यावर. अंधारात कॅमेरा काय घेणार? मग दादा भांडत भांडत तिच्या उजेडामागे जायचे.

"मला कुठं येत होतं, सर, बघायला?" ते म्हणाले.

मी म्हटलं, मग तुमच्याकडे तर तिचा आवाज किती कॅसेटांमध्ये असेल. दादांनी मान हलवली. प्रत्येक लग्नाची कॅसेट गिऱ्हाइकाला देताना ते मूळ आवाज पुसायचे आणि वर सिनेमातली गाणी टाकायचे. तिची बडबड नको म्हणून. अठरा वर्षांची बडबड त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती. माझी कॅसेट तेवढी कच्ची राहिली.

दादांनी माऊस हातात घेतला आणि गिऱ्हाइकाने विचारावं तसं मला अदबीने विचारलं, "सर, एवढा तुकडा मला ठिवू देता का?"

तुमचाच आहे तो, मी म्हटलं.

"न्हाई. बाप तुमचा हाय," ते म्हणाले. "आवाज तेवढा माझा."

मग त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. मी वडिलांना बघत होतो. दादांनी डोळे मिटून घेतले होते.