घोंगडीवाल्याचं गाव

संपादकांचा फोन ठेवल्यावर अनुजाने पंखा बंद केला, पुन्हा चालू केला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, "एका माणसाला मारून टाका म्हणतायत."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "कुणाला गं?"

"घोंगडीवाल्याला."

"त्यो कोण?"

"तेच तर. कुणालाच माहीत नाही."

अनुजा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती आणि त्यानंतर सगळ्यांनी नोकरीविषयी विचारायला सुरुवात केल्यावर तिने कादंबरी लिहायला घेतली होती. दोन चंद्र असलेल्या एका देशाची ती गोष्ट होती. दोन चंद्र असले तर नदीच्या मुखाशी भरती कशी चढेल याचं गणितसुद्धा तिने नीट करून ठेवलं होतं. कादंबरीत बोलणारी झाडं होती, उडणारे हत्ती होते, आणि नावेच्या धक्क्यावर मधूनच उगवणारा करड्या घोंगडीतला एक माणूस होता. तो यायचा, पाण्याकडे बघायचा, "अजून नाही" म्हणायचा आणि निघून जायचा. चार प्रकरणांत चार वेळा. बाकी काही नाही.

पुण्याचे संपादक अभिराम पेंडसे यांना झाडं पटली होती, हत्तीही पटले होते. या माणसाशी मात्र त्यांचं जमेना. "याचं काम काय कादंबरीत?" ते फोनवर म्हणाले होते. "एकतर उलगडा करा, नाहीतर काढा. रविवारी मी करार घेऊन येतोय. तोवर ठरलं नाही, तर यंदा पुस्तक काढणं अवघड आहे."

अनुजाला दोन्ही नको होतं. आलेखावर एखादा बिंदू रेषेपासून लांब पडला म्हणून कोणी तो खोडत नाही, अशी तिची शिस्त होती. पण पहिलंच पुस्तक होतं, दोन वर्षं त्यात गेली होती, आणि दुसरा प्रकाशक रांगेत उभा नव्हता. तेव्हा तिने एक तटस्थ वाचक शोधायचं ठरवलं. घरात छापलेली अक्षरं शेवटपर्यंत वाचणारे एकच होते, गणपतरावकाका. ते वर्तमानपत्रातल्या टेंडर नोटिसासुद्धा सोडत नसत.

चूक झाली ती इथे. काका एकटे वाचत नाहीत, हे ती विसरली. संध्याकाळी ते हस्तलिखित बगलेत मारून पेठेतल्या दूधकट्ट्यावर गेले. समोर म्हशीची धार काढून पेला हातात पडेपर्यंत वेळ असतोच. काकांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. दोन चंद्रांना कुणी हरकत घेतली नाही. हत्ती उडाले तेव्हा कट्ट्यावरचा रोजचा गडी पिराजी नुसता "उडंना, आपलं काय जातंय!" म्हणाला. मग धक्क्यावर घोंगडीवाला आला, पाण्याकडे बघून "अजून नाही" म्हणाला आणि गेला.

"गेला?" पिराजीने विचारलं.

"गेला," काका म्हणाले.

"आन् त्याला कुणी इचारलं न्हाई, पावणं कुठलं म्हणून?"

"न्हाई बा."

"च्या तरी पाजला का?"

काकांनी पान मागे-पुढे केलं. चहाचा उल्लेख नव्हता.

"मग ह्ये कसलं गाव म्हणायचं!" पिराजी पेला आपटत म्हणाला.

बाकीची पानंही चाळून त्या रात्री काका घरी आले ते तावातावाने. "अनुजा, परका माणूस चारदा दारात येतोय आन् एकानं नाव-गाव इचारू नये? सोडत असत्यात काय असं? लोक काय म्हणतील, कोल्हापूरच्या पोरीनं लिवलंय!"

"काका, तो गूढ आहे. गूढच राहायला हवा."

"गूढ ऱ्हाऊ दे की. फकस्त गाव सांग."

अनुजाने सांगितलं नाही. मग कट्ट्याने ते काम अंगावर घेतलं. घोंगडी आहे म्हणजे पावसाचा माणूस, राधानगरीकडचाच, असा एक गट पडला. दुसरा गट म्हणाला, तो इचलकरंजीचा. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलाय म्हणूनच जास्त बोलत नाही. शेजारच्या बायडाबाईंनी घरी येऊन तिसरंच सांगितलं. "त्यो पोरगी बघायला येतोय गं धाकट्या भावासाठी. म्हणूनच 'अजून न्हाई' म्हणतोय. पसंत पडंना त्याला एक बी."

आणि शनिवारी चौकात फ्लेक्स लागला. 'घोंगडीवाले पाहुणे यांचे पेठेत सहर्ष स्वागत!' फोटोत घोंगडी पांघरून पाठमोरा उभा होता तो पिराजी. खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे होते. ते मात्र सगळे समोरून.

रविवारी पेंडसे आले. ज्या माणसाला काढून टाकायला आपण आलो त्याचं बारा फुटी स्वागत बघून ते जागीच थबकले. नंतर अनुजाची गल्ली चुकली, फिरून चौकातच आले आणि पुन्हा फ्लेक्सकडे बघत राहिले. तिसऱ्या फेरीला पिराजी आडवा आला.

"पावणं, मगाधरनं बघतोय. कुठलं म्हणायचं?"

"जरा काम आहे," पेंडसे म्हणाले. छापण्याआधीच्या गोष्टी ते कुणाजवळ बोलत नसत.

"काम असंल की. गाव कुठलं?"

"पुणे."

"ते ऱ्हायचं झालं. मूळ गाव?"

एवढ्यात दूध आलं. पेंडसे नको म्हणाले, म्हणून दुसरा पेला आला. आडनाव कळल्यावर कट्ट्यावर बसलेल्या काकांना गडहिंग्लजच्या बँकेतले एक पेंडसेसाहेब आठवले, आणि हे त्यांचे पुतणे असणार हे एकमताने ठरलं. पुतणे नाही म्हटल्यावर भाचे ठरले. मग मिसळ आली. पगार, आजोळ, बायकोचं माहेर आणि गुडघ्याचं ऑपरेशन का लांबवलंय, एवढं सगळं निघाल्यावरच काकांना उमगलं की पाहुणे आपल्याच घरी चाललेत.

अनुजाने दार उघडलं तेव्हा पेंडसे घामाने निथळत होते. मागे काका, पिराजी आणि बायडाबाई.

"सर, मी ठरवलंय," तिचा आवाज बारीक झाला होता. "पुस्तक नाही निघालं तरी चालेल. पण मी त्याला काढणार नाही, आणि त्याचा उलगडाही..."

"एक अक्षर नको!" पेंडसे खुर्चीत कोसळले. "तो आहे तसाच राहू दे. अहो, हत्ती एकवेळ उडतील. पण भर धक्क्यावर परका माणूस चारदा येतो आणि त्याला कुणी काही म्हणजे काही विचारत नाही, ही खरी अद्भुत कल्पना! हे वाचून माझ्यासारख्याला केवढं बरं वाटेल!"

काकांना यात काहीतरी लागलं असावं, पण पाहुण्यासमोर त्यांनी नुसतं पेन पुढे केलं. सह्या झाल्या. आईने जेवायला थांबायचा आग्रह केला, पेंडशांनी हात जोडले आणि एस.टी.ची वेळ सांगितली. काका रिक्षा बघायला पुढे गेले.

बूट घालून पेंडसे निघाले, जिना उतरले, आणि पुन्हा वर आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"आता करार झालाय म्हणून विचारतो. छापणार नाही, कुणाला सांगणारही नाही. पण... गाव कुठलं हो त्याचं?"