मॅट प्रूफ आणि चिंच

दाणीकाकांकडे नाणं पाहायला गेलं की आधी श्वास रोखावा लागतो. "वाफ बसते बे!" म्हणून ओरडतात. चौबे कॉलोनीत आमची त्यांची भिंतीला भिंत, त्यामुळे माझा श्वास नेहमी कोंडलेलाच.

"हे प्रूफ नाणं," काका सांगतात.

"कशाचं प्रूफ?"

"कशाचंच नाही! संग्रहासाठी खास पाडलेलं. चालवायचं नाही, हात लावायचा नाही."

मग त्याला नाणं काहून म्हणायचं, हे मला आजवर समजलं नाही. बरं, आरशासारखी चमकणारी नाणी पडली एका बाजूला आणि काकांचा जीव कशात? तर मॅट प्रूफमध्ये. धुरकट, खरखरीत, कोणी घासायचं विसरल्यासारखं. "चमकत नाही म्हणून तर दुर्मिळ आहे!" घ्या! माझं डोकंच गरगरते.

घरातला गोंधळ आणखी वेगळा. काकूंची आठवण गेली आहे. सख्ख्या नवऱ्याला त्या 'भैया' म्हणतात, पंडरी बाजारातल्या कापडवाल्याला म्हणावं तसं. "भैया, आमचे हे आले का?" "येऊन राहिले," काका म्हणतात आणि तिथंच बसून राहतात. एकदा तरी तिनं ओळखावं, एवढंच त्यांना हवं आहे.

धनत्रयोदशीला चांदीची नाणी घासून पूजेत ठेवायची आपल्याकडे रीत. त्या दिवशी मी चिवडा द्यायला गेलो, तर काकू ओट्याशी उभ्या. समोर चिंच, मीठ आणि काकांचं सगळ्यात लाडकं चांदीचं मॅट प्रूफ. घासून घासून लख्ख केलेलं! काका दारात उभे, तोंड उघडं.

काकूंनी मान वर केली. "अहो, पाहा तर! किती मैलं करून ठेवलं होतं तुम्ही."

अहो! काकांचा चेहरा असा काही फुलला, की वेडा मी का ते, समजेना. "हव," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्या दारात. "चिंच आहे का रे?"

मी वाटी घेऊन मागोमाग गेलो. त्यांनी डबीतून दुसरं मॅट प्रूफ काढलं आणि काकूंसमोर ठेवलं.

"काका, सत्यानाश होईल त्याचा!"

"चूप बे." मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "हेही मैलं झालं गं."

काकूंनी नाणं उलटंपालटं करून पाहिलं.

"ठेवा भैया. करते."

"हव," काका म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.