दस्तगीर मण्याराच्या भिंतीची हकीकत

श्री. सकळ लेंकरांस एके पंगतीं जेवूं घालणारा जो परमेश्वर, त्यास दंडवत घालोन लिहितों. शके एकोणीसशें शेचाळीस, संवत्सराचें नांवच क्रोधी, त्या मार्गशीर्षमासीं राज्यांतील एके पेठेंत ऐसें वर्तमान जाहलें कीं, दस्तगीर मण्यार, ज्यांनीं तीन पिढ्यांच्या लेकीसुनांस बांगड्या भरिल्या, त्यांचे भिंतीवर कोणीं चोरोन "मुलूख तुमचा नव्हे, चालते व्हा" ऐसें लिहिलें आणि खालीं शिव्या लिहिल्या. मग दिवाणसाहेब सलोख्याचे कामीं बहुत तत्पर, त्यांनीं कारकून धाडिले, आणि कारकुनांनीं पंचनामा करोन हुकूम सांगितला कीं, अक्षरें पुरावा आहेत, तपास होय तों कोणीं पुसूं नयेत. आतां सरकारी काम आणि सहा महिने थांब. मण्याराची बायको जैतूनबी रोज दार उघडी आणि तीच अक्षरें वाची, तिला अन्न गोड लागेना. मग आठवे दिवशीं दस्तगीरभाईंनीं गांव सोडावयाचें ठरविलें आणि बोचकें बांधिलें.

हें पाहोन शेजारीण सगुणाबाई साळीण बोलिली, "भाई, जायचें मग बघूं, आधीं माझी गोधडी वाळूं द्या," आणि भिंतीपुढें दोरी बांधोन धुतलेली गोधडी टाकिली. मग पेठेच्या बायांस युक्ति उमजली, आणि कोणीं वाकळ आणि कोणीं लुगडें घातलें, आणि रोजची पाळी लाविली, आणि अक्षर एक दिसेना. कारकून धांवत आले, "बाई, हुकूम मोडला." बाई बोलिली, "रावसाहेब, पुसूं नये ऐसा हुकूम. वाळत घालूं नये ऐसें कोठें लिहिलें, तें दाखवा." कारकुनांनीं कागद उलटापालटा केला आणि आले वाटेनें परतले. दिवाणसाहेब ऐकोन हंसले, मग खजील जाहले, आणि नवा हुकूम काढिला कीं, यापुढें अक्षरांची छबी तेच दिवशीं घ्यावी आणि भिंत सरकारानें सांजेचे आंत धुवावी.

तों सगुणाबाईचा लेक तुळाजी, तीस वर्षांचा घोडा, आपले पायीं चावडीस येऊन बोलिला, "लिहिणारा मीच. ज्या गोधडींत वाढलों तीच आईनें त्यावर घातली, मला बघवेना." दिवाणसाहेबांनीं बाईस पुसिलें, "तुम्हांस ठाऊक होतें?" बाई बोलिली, "लेकाचें अक्षर आईस कळत नाहीं होय? आपण होऊन जातो कीं मी कान धरोन नेऊं, एवढेंच पाहत होत्यें."

मग तुळाजीस शिक्षा जाहली, ती त्यानें भोगिली, आणि सुटोन येतांच आपल्या हातें भिंतीस चुना दिला, आणि जैतूनबीनें त्यास चहा दिला. बोचकें तर केव्हांच सुटलें होतें. येणेंप्रमाणें पेठ सुखी जाहली. ज्यास खोटें वाटेल त्यानें येऊन पाहावें. भिंत आतां कोरी आहे, परंतु बाया गोधड्या अद्याप तेथेंच वाळत घालितात.